शेवंडीचं टेन्शन मोजताना

शेवंडीचा, म्हणजे लॉब्स्टरचा, ताण मोजायचा हा माझ्या संशोधनाचा विषय ठरला तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आई म्हणाली, "शेवंडीला गं कसलं आलंय टेन्शन?" या कामात नव्याने येणारे विचारतात तो प्रश्न वेगळा असतो: "ताई, कॉर्टिसॉलचं किट कोणतं घेऊ?"

कुठलंच घेऊ नका. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक माणसांचं, माशांचं. शेवंडीत बघायचं ते सीएचएच, ताण आला की रक्तातली साखर वाढवणारं संप्रेरक. ते डोळ्यांच्या देठात तयार होतं आणि तिथल्याच सायनस ग्रंथीत साठतं. कवचधारींच्या या देठांचा अर्क टोचला की साखर चढते, हे 1944 सालीच दाखवलं गेलं होतं. एलायझा, म्हणजे अँटिबॉडी वापरून संप्रेरक मोजायची चाचणी, करणार असाल तर ती अँटिबॉडी तुमच्या जातीच्या सीएचएचला चिकटते का, ते आधी तपासा. माझे तीन महिने त्यातच गेले.

बडोद्याला समुद्र नाही, म्हणून नमुन्यांसाठी वेरावळ गाठायचं. पहिल्या खेपेला मी दोन गट केले: अर्धा तास पाण्याबाहेर ठेवलेल्या शेवंडी आणि टाकीत निवांत असलेल्या. साखर जास्त निघाली निवांत गटाची! माझ्या गाइड मॅडमनी माझी वही उघडली आणि वेळेचा रकाना शोधला. तो नव्हताच. निवांत गट मी शेवटी घेतला होता. एकेक पकडताना टाकी ढवळत होते, शिवाय शीर सापडेना म्हणून सुई चार-चारदा टोचत होते.

मुळात शीर शोधायचीच नसते. शेवटच्या चालपायाच्या बुडाशी मऊ पडदा असतो, सुई तिथे. सिरिंजमध्ये गार अँटिकोअ‍ॅग्युलंट आधीच भरलेलं हवं, नाहीतर रक्त सुईतच गोठतं. रक्तात तांबं असतं, त्यामुळे ते निळसर दिसतं, घाबरू नका. हात लावल्यापासून सुई बाहेर येईपर्यंतची वेळ प्रत्येक शेवंडीपुढे लिहा. दोन्ही गट आलटून पालटून घ्या, आणि रोज ठरलेल्या वेळीच, कारण हा निशाचर जीव. रात्र पडली की त्याची साखर आपोआप हलते. कात टाकायला आलेली शेवंड बाजूला ठेवा. लॅक्टेटही मोजा, प्राणवायू कमी पडला की शरीरात साठणारा पदार्थ. पाण्याबाहेर श्वास कोंडला की ते चढतं, आणि साध्या किटने कळतं.

एवढं करून नमुने कोरड्या बर्फात बडोद्याला आणले, तर एका रात्री डीप फ्रीझरचा प्लग कुणीतरी मोबाइलच्या चार्जरसाठी काढला. तेव्हापासून माझे नमुने दोन फ्रीझरमध्ये असतात आणि प्लगवर चिकटपट्टी.

शेवंड महाग, तेव्हा हात बसेपर्यंत जिवंत खेकड्यांवर सराव करा. नांग्या आधी दोऱ्याने बांधा. मी बांधल्या नव्हत्या.