पोटावरची पिशवी: माप, कात्री आणि सवय

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सिस्टरनं पांघरूण बाजूला केलं आणि म्हणाली, "बघा आता." मी छताकडं बघत राहिलो. बघितलं ते बायकोनं. पुढचे दोन आठवडे पिशवीही तीच बदलत होती. माझी पहिली चूक ती. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर काढल्यावर पोटावर स्टोमा, म्हणजे शौच बाहेर येण्यासाठी काढलेलं आतड्याचं तोंड, आला असेल, तर आरसा घ्या आणि स्वतः बघा. बाकी सगळं त्यानंतर.

दिसायला तो ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर असतो. हात लावला तरी दुखत नाही, कारण आतड्याला त्वचेसारखी वेदना कळत नाही. हे सोयीचं आहे आणि धोक्याचंही: प्लेटची, म्हणजे पिशवी धरून ठेवायला स्टोमाभोवती चिकटवतात त्या चकतीची, कड घासून जखम झाली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नका.

घरी येण्याआधी डिस्चार्ज कार्डावर एक गोष्ट बघून घ्या: कोलोस्टॉमी की इलिओस्टॉमी? कोलोस्टॉमी म्हणजे मोठं आतडं, बहुतेक वेळा डाव्या बाजूला, शौच बऱ्यापैकी घट्ट. इलिओस्टॉमी म्हणजे लहान आतडं, बहुधा उजवीकडं, पातळ आणि दिवसभर चालू. शेजारच्या गावातला कुणी "मी तर काही पण खातो" म्हणाला, तर आधी त्याची कुठली आहे ते विचारा. तात्पुरता स्टोमा असेल तर खालच्या वाटेनंही अधूनमधून शेंबडासारखा चिकट पदार्थ येतो. आतडं स्वतःचा ओलावा तयार करतं, तोच तो. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी त्यापायी रात्रभर रडून काढली होती, म्हणून मुद्दाम सांगतो.

मापाची गोष्ट

पिशवी गळते ती नशिबानं नाही, बहुतेक वेळा कात्रीनं. ऑपरेशननंतर स्टोमाची सूज साधारण ६ ते ८ आठवडे उतरत जाते आणि तो आकसतो. मी मात्र दवाखान्यात पहिल्या दिवशी कापून दिलेल्या प्लेटवरून कागद काढून ठेवला होता आणि महिनाभर त्याच मापानं भोक पाडत होतो. खानापूरहून बेळगावला जाताना पिरनवाडीच्या अलीकडं बसमध्येच पिशवी सुटली. शेजारच्या माणसानं काही न बोलता खिडकी उघडली, तेवढीच त्याची मेहरबानी.

तेव्हा पहिले दोन महिने दर आठवड्याला माप घ्या. प्लेटच्या डब्यात भोकं पाडलेलं मापाचं कार्ड असतं. ते स्टोमावर धरा आणि बुडापासचं माप घ्या. त्यापेक्षा २ ते ३ मिलिमीटर मोठं भोक कापा. जास्त मोठं कापलंत तर शौच त्वचेवर बसून ती सोलपटते. अगदी घट्ट कापलंत तर आतडं कापलं जातं. स्टोमा लंबगोल असेल तर भोकही लंबगोलच. कापल्यावर कडेवरून बोट फिरवून खरखर काढून टाका.

बदलायची वेळ सकाळची, चहाच्या आधी. पोट रिकामं असताना स्टोमा शांत असतो. नवी प्लेट आधी कापून काखेत धरून ठेवा, थंडीच्या दिवसांत तर नक्कीच. ऊब लागली की गोंद चांगला धरतो. जुनी प्लेट वरून खाली सोडवा आणि दुसऱ्या हातानं कातडी दाबून धरा. ओरबाडू नका. धुवायला साधं कोमट पाणी पुरे. डेटॉल, स्पिरिट नको, आणि आपल्याकडं हटकून लावतात ते खोबरेल तर मुळीच नको. तेलावर प्लेट चिकटत नाही. टिपून कोरडं करा. केस असतील तर जपून काढा. त्वचा ओलसर होऊन पाझरत असेल तेवढ्यापुरती स्टोमा पावडर टाका आणि जास्तीची झटका. प्लेट लावल्यावर तळहात त्यावर ठेवून चार-पाच मिनिटं तसंच बसा. मी तेवढ्यात बातम्या ऐकतो.

प्लेट ३ ते ४ दिवसांनी बदलावी. खाज, जळजळ किंवा कडेनं ओल दिसली तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी काढा. काढल्यावर लाली कुठं आहे ते बघा. स्टोमाच्या लगत गोल कडं असेल तर भोक मोठं झालं. चिकटपट्टीच्या आकाराची लाली असेल तर ती कंपनी तुम्हाला मानवत नाही. बारीक लाल पुटकुळ्या आणि खाज असेल तर बुरशी असू शकते. आमच्या पावसाळ्यात हे फार होतं, तेव्हा मनानं मलम न लावता दाखवून या.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. भरेपर्यंत थांबलात की वजनानं प्लेट सुटते. आपल्या भारतीय संडासात उकिडवं बसणं जमत नसेल तर पुढ्यात बुटकं स्टूल घ्या. भांड्यात आधी थोडं पाणी ओता, म्हणजे अंगावर उडत नाही. वायूनं पिशवी फुगली म्हणून टाचणीनं भोक पाडू नका. वास पुढं घरभर फिरतो, हे मी करून बघितलंय. वापरलेली पिशवी संडासात टाकायची नाही. रिकामी करून कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये बांधा आणि कचरागाडीत द्या.

खाणं

कोलोस्टॉमीवाल्याला हळूहळू भाकरी, आमटी, भाजी सगळं परत चालू करता येतं. पावटे, मुळा, कोबी, कांदा यांनी वायू होतो. ताक, दही बऱ्याच जणांना वासासाठी उपयोगी पडतं. इलिओस्टॉमीवाल्यानं मात्र पावसात भाजलेलं कणीस, ओलं खोबरं, अख्खे शेंगदाणे यांपासून पहिले काही आठवडे लांब राहावं आणि नंतरही बारीक चावून खावं. ते आतड्यात अडकतात. केळं, मऊ भात, साबुदाणा यांनी पातळ शौच जरा घट्ट होतं. कुंद्याचा तुकडा चालेल, पाव किलो नको. फार गोड खाल्लं की पिशवी धो धो भरते.

इलिओस्टॉमीत खरी भीती अंगातलं पाणी आणि मीठ जाण्याची. पातळ शौच वाढल्यावर नुसतं पाणी पीत राहिलं की उलट वाढतं. ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोट साफ व्हायला घेतात ते जुलाबाचं औषध (रेचक) इलिओस्टॉमीवाल्यानं कधीच घेऊ नये. गोळी जशीच्या तशी पिशवीत दिसली तर तेही डॉक्टरांना सांगा.

कधी धावायचं

स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, रक्त थांबत नाही, आतडं नेहमीपेक्षा खूप बाहेर आलं, तर थांबू नका. इलिओस्टॉमीतून चार-सहा तास काहीच आलं नाही आणि पोटात कळा, उलट्या असतील, तर तेही तातडीचं. दिवसाला दीड लिटरच्या वर जात असेल, लघवी कमी, चक्कर, तरीही. कोलोस्टॉमी एखादा दिवस बंद राहिली तर चालतं, पण बरोबर उलटी आणि पोटफुगी असेल तर नाही. किमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की पॅरासिटामॉल खाऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. ऑक्सॅलिप्लॅटिनची किमो असेल तर गार पाणी आणि फ्रिजचं दार काही दिवस टाळा, बोटांना मुंग्या येतात.

भाताच्या लावणीला किमान ६ ते ८ आठवडे वाकायचं नाही, पोतं किंवा घागर उचलायची नाही. स्टोमाच्या शेजारी हर्निया होतो, आणि एकदा झाला की प्लेट नीट बसत नाही.

पैशाचं: आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकचं कार्ड काढून ठेवा. २०२३ साली महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली. आपलं गाव त्यात आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा, आणि कुठल्या योजनेत पिशव्या मिळतात ते डिस्चार्जच्या आधी. दोन राज्यांच्या भांडणातून आपल्या वाट्याला निदान पिशवी तरी यावी.

प्रवासात खांद्याच्या झोळीत कापून तयार ठेवलेल्या दोन प्लेट, दोन पिशव्या, टिश्यू, पाण्याची छोटी बाटली, एक जोडी कपडे. उन्हात गाडीत ठेवू नका, गोंद वितळतो. आणि कन्नड येत नसेल तर एक वाक्य पाठ करा: "चीला सोराकत्तैती", म्हणजे पिशवी गळतेय. ड्यूटीवरची सिस्टर कोणत्याही भाषेची असू दे, एवढ्यानं ती उठते.