दुसरी फर्नेस घेण्याआधी विजेचं गणित करा

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींची, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्यांची, वायरिंग मी करतो. मालक आधी फर्नेस (भट्टी) बुक करतात आणि मग मला फोन करतात. माझी विनंती आहे, क्रम उलटा ठेवा.

सुरुवात लोखंडाच्या टनांपासून करा. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण ५५० ते ६०० युनिट लागतात. त्यावरून फर्नेस किती किलोवॅटची हवी ते ठरतं. समजा ती ५०० किलोवॅटची आहे, तर ती पूर्ण धरा. सँड प्लांट, कॉम्प्रेसर, ग्राइंडर मिळून २०० किलोवॅट असतील, तर ते सगळे एकदम चालत नाहीत, म्हणून ६० टक्के धरा. झाले ६२० किलोवॅट. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, ०.९५ असेल, तर ६२० ला ०.९५ ने भागून सुमारे ६५३ केव्हीए (एकूण घेतलेला लोड). दुसरी तेवढीच फर्नेस आली की हाच आकडा ११८० च्या आसपास जातो. काँट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीशी करारात ठरलेली कमाल मागणी, आजच्या लोडापुरती घ्या, पण ट्रान्सफॉर्मरची जागा आणि केबलची चर उद्याच्या हिशेबाने ठेवा. एका ठिकाणी मी ती ठेवली नव्हती. नंतर तयार भिंत फोडावी लागली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

विजेसाठी अर्ज करण्याआधी सबस्टेशनवर जाऊन फीडरवर, म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या लाइनवर, किती लोड शिल्लक आहे ते विचारा.

पाणी तर हमखास विसरतात! फर्नेसची पाचवा हिस्सा उष्णता तिच्या कॉइलला थंड ठेवणाऱ्या पाण्यात गेली, तरी कूलिंग टॉवरमधून तासाला दीडशे लिटर पाणी उडतं.

सोलर जरूर बसवा. ५०० किलोवॅटला पन्नास हजार चौरस फूट छप्पर लागतं, आणि दिवसाचे दोन हजार युनिट म्हणजे जेमतेम साडेतीन टन बीड.