भंगार कापायचं हायड्रॉलिक शिअर घेताना

पुरवठादार '१०० टन' म्हणाला, तर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) आणि चालू दाब विचारा. २०० मिमी बोअर म्हणजे ३१४ चौ. सेंमी, दर चौ. सेंमीला २०० किलो दाबाने साधारण ६३ टनच भरतात. शिवाय ॲलिगेटर शिअरमध्ये (मगरीच्या जबड्यासारखं उघडझाप करणारं) जबड्याच्या टोकाला जोर कमी आणि मुळाशी जास्त, त्यामुळे हा आकडा नेमका कुठला तेही लिहून घ्या.

ट्रायलला आपलाच माल न्या: टीएमटी सळ्या, अँगल, जाड पाइप. पुरवठादाराच्या मऊ पट्ट्या काय, कशाही कापल्या जातात! पातळ पत्रा तुटण्याऐवजी दुमडून पात्यांमध्ये अडकला, तर दोन पात्यांमधला गॅप जास्त आहे किंवा धार गेलीय. गॅप शिमने (पातळ पत्र्याच्या पट्टीने) लावता येतो का, पातं उलटवून किती धारा मिळतात, हेही तिथेच बघा.

मशीन सलग दोन तास चालवून टाकीतल्या तेलाचं तापमान मोजा. ६० अंशांच्या वर जात असेल तर ऑइल कूलर मागा. तापलेलं तेल पातळ होतं, जोर कमी पडतो, सील कडक होऊन गळती लागते.

पातं आणि सील किट किती दिवसांत मिळेल, हे कोटेशनवरच हवं. पंप, व्हॉल्व्ह कुठल्या मेकचे तेही.