एक्सप्लोररऐवजी दुसरा फाइल मॅनेजर घेताय? या चुका टाळा

"काका, पालशेतच्या लग्नात हेदवीची माणसं कशी ओ आली?"

दुकानात कामाला येणाऱ्या मुलीने हे विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला. शृंगारतळीच्या बाजारात माझं फोटोंचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मे महिना, लग्नसराई, दिवसाला दोन-दोन मेमरी कार्डं रिकामी करायची घाई. त्याच आठवड्यात मी दोन पॅनलचा नवा फाइल मॅनेजर, म्हणजे फाइली बघायचा, हलवायचा प्रोग्राम, टाकला होता. डावीकडे हेदवीच्या लग्नाचं कार्ड उघडं, उजवीकडे आदल्या रात्री उतरवलेला पालशेतचा फोल्डर. कार्डात किती फोटो आहेत ते बघायला मी कंट्रोल-ए दाबलं होतं. आकडा कमी वाटला, म्हणून सवयीने एफ५ दाबलं. एक चौकट आली, एंटर मारलं. दुसरी चौकट आली, त्यात 'सगळ्यांवर लिहा' अशा अर्थाचं बटण होतं, तेही दाबलं.

विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये, म्हणजे फोल्डर उघडतात त्या नेहमीच्या खिडकीत, एफ५ म्हणजे रिफ्रेश. दोन पॅनलच्या जवळपास सगळ्या फाइल मॅनेजरमध्ये एफ५ म्हणजे कॉपी, ह्या पॅनलमधून त्या पॅनलमध्ये. १९८६मध्ये आलेल्या नॉर्टन कमांडरची ही पद्धत डबल कमांडर, फ्री कमांडर, म्यू-कमांडर, लिनक्सवरचा (विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली) मिडनाइट कमांडर अशा त्याच्या सगळ्या वारसांनी पुढे चालवली. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, दोन्हींत फोटोंची नावं डीएससी_०००१ अशीच. चार आकड्यांचं नाव ९९९९ला संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, त्यामुळे एकाच कॅमेऱ्यातूनही तीच नावं परत येतात. पालशेतच्या हळदीवर हेदवीचा मांडव चढला. एका फाइलवर दुसरी लिहिली गेली की पहिली रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती गेली.

पालशेतचं कार्ड अजून फॉरमॅट केलेलं नव्हतं, म्हणून त्या घरचे फोटो वाचले. तेव्हापासून दोन वेगळ्या डिस्कवर प्रत झाल्याशिवाय दुकानात एकही कार्ड फॉरमॅट होत नाही.

फुकटातल्या फाइल मॅनेजरांची तुलना करताना बहुतेकजण टॅब किती, रंग कसे, थीम गडद आहे का, हे बघतात. मला कळकळीने सांगायचंय की आधी तीन गोष्टी बघा: कॉपी करताना तो काय विचारतो, डिलीट केलेलं कुठे जातं, आणि काम अर्धवट राहिलं तर काय होतं. त्यासाठी एक फोल्डर बनवा, त्यात वीस-पंचवीस बिनकामाच्या फाइली टाका आणि आठवडाभर सगळे प्रयोग त्यांच्यावरच करा. ग्राहकाच्या कागदांवर हात बसवू नका.

एफ५ची सवय आणि कुठली बाजू चालू आहे

डबल कमांडरमध्ये रिफ्रेशसाठी कंट्रोल-आर आहे. एफ६चं काम दुहेरी आहे: फाइल हलवायची असो किंवा नाव बदलायचं असो, बटण तेच. एफ७ नवा फोल्डर, एफ८ डिलीट. मी ह्या चार ओळी कागदावर लिहून मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवल्या, आणि पंधरा दिवसांत बोटांना सवय झाली.

दुसरा गोंधळ चालू पॅनलचा. कर्सर ज्या पॅनलमध्ये आहे तिथून माल निघतो आणि समोरच्यात जाऊन पडतो. टॅबची कळ दाबली की बाजू बदलते. एंटर मारण्याआधी चौकटीत वर लिहिलेला पत्ता वाचा, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल. आणि काहीही निवडलेलं नसेल तर कर्सरखाली जी फाइल आहे तिच्यावरच काम होतं. डबल कमांडरमध्ये निवडलेल्या फाइलींची नावं लाल होतात. लाल काही दिसत नसताना एफ८ दाबलं, तर कर्सर कुठे उभा आहे ते आधी बघा.

एकाच नावाच्या फाइली समोरासमोर आल्या की जी चौकट येते, तिच्यात घाई नको. डबल कमांडरच्या त्या चौकटीत 'वगळा', 'आपोआप नवं नाव द्या', 'जुन्यांवरच लिहा' अशा अर्थाचे बरेच पर्याय असतात. फोटोंसाठी आपोआप नवं नाव हाच सुरक्षित. 'जोडा' असाही एक पर्याय असतो. तो एका फाइलच्या शेपटीला दुसरी लावतो. मजकुराच्या फाइलींना त्याचा उपयोग आहे, फोटोंना अजिबात नाही.

'फुकट' हा शब्द नीट तपासा

डबल कमांडर आणि एक्सप्लोरर-प्लस-प्लस हे मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेले, मोफत प्रोग्राम आहेत, घरी वापरा किंवा दुकानात. फ्री कमांडरची ३२-बिट आवृत्ती मोफत आहे, ६४-बिट देणगी देणाऱ्यांना मिळते. वन कमांडर घरगुती वापरासाठी मोफत आहे, धंद्यासाठी परवाना लागतो. फाइल्स नावाचा देखणा प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या साइटवरून मोफत उतरतो, पण मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर त्याला पैसे पडतात. बरेचजण स्टोअरवर किंमत बघून परत फिरतात. टोटल कमांडर उत्तम आहे, पण तो शेअरवेअर आहे, म्हणजे आधी वापरून बघा, मग पैसे द्या. चाचणीची मुदत संपल्यावरही चालतो म्हणून त्याला फुकट म्हणणं बरोबर नाही. ज्याच्यावर आपला धंदा चालतो त्याचे पैसे द्यावेत.

डाउनलोड मात्र मूळ साइटवरूनच करा. शोधात वर येणाऱ्या जाहिरातीच्या पानांवर 'डाउनलोड' लिहिलेली तीन-तीन हिरवी बटणं असतात आणि त्यातलं एखादं भलतंच काही मशीनमध्ये आणून सोडतं.

माझं मत विचाराल तर ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर डबल कमांडर किंवा एक्सप्लोरर-प्लस-प्लस टाका. फाइल्स तिथे जड पडतो. फक्त टॅब हवे असतील आणि विंडोज ११ असेल, तर २०२२च्या अद्ययावतीपासून एक्सप्लोररमध्येच टॅब आहेत, नवं काही घ्यायची गरजच नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला थांबला. म्हणून लिनक्स मिंटवर गेलेल्यांना निमो मिळतो, लिनक्सचाच केडीई डेस्कटॉप वापरणाऱ्यांना डॉल्फिन. दोन्हींत एफ३ दाबलं की खिडकी दोन भागांत होते.

लाइट जाते तेव्हा

कोकणात पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. झाड तारेवर पडलं की संध्याकाळपर्यंत अंधार. अशा वेळी कट-पेस्ट किंवा एफ६ने एका डिस्कवरून दुसरीवर माल हलवणं ही मोठी चूक. एकाच ड्राइव्हच्या आत फाइल हलवली तर फक्त तिचा पत्ता बदलतो, म्हणून ते काम क्षणात होतं. दोन ड्राइव्हमध्ये मात्र आधी कॉपी होते आणि मग मूळ पुसलं जातं. मध्येच लाइट गेली तर थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि एखादी अर्धवट फाइल पूर्ण नाव धारण करून बसलेली. ती यादीत दिसते, पण उघडत नाही. म्हणून आधी कॉपी करा, मग तुलना, मग डिलीट.

तुलनेसाठी डबल कमांडरमध्ये दोन फोल्डर जुळवण्याची सोय आहे. तिथे 'मजकुरानुसार' हा पर्याय लावला तर नुसती तारीख आणि आकार न बघता फाइल आतून तपासली जाते. वेळ जास्त लागतो, चहा घेऊन या. पण त्याच खिडकीत 'असममित' अर्थाची एक खूण असते, ती समजल्याशिवाय लावू नका. ती लावली की डाव्या बाजूला जे नाही ते उजवीकडूनही पुसायला सुचवलं जातं. मूळ फोल्डरातून चुकून काही उडालं असेल, तर तुम्ही स्वतःच्या हाताने बॅकअपमधूनही ते उडवाल.

आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाखाली ठेवू नका. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा टेबलावरचं आणि टेबलाखालचं एकाच पाण्यात गेलं. माझी दुसरी डिस्क घरी माळ्यावर असते.

डिलीट: सगळीकडे बिन नसतं

संगणकातल्या डिस्कवरची फाइल डिलीट केली की ती बिनमध्ये जाते, शिफ्ट धरून केली तर थेट जाते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पेनड्राइव्हवरची फाइल मात्र साध्या डिलीटनेही थेट जाते, आणि नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावरची पुसली तरी तेच. चुकून गेलीच तर त्या पेनड्राइव्हवर त्यानंतर काहीही लिहू नका. तो काढून बाजूला ठेवा आणि मग परत मिळवण्याचा प्रोग्राम चालवा. नवीन लिखाण झालं की शक्यता कमी होत जाते.

मराठी नावं आणि लांबलचक पत्ते

हा भाग मराठीत काम करणाऱ्यांनी सावकाश वाचावा, कारण ह्याची खूण पटकन लागत नाही.

विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटच्या टिंबापुढच्या अक्षरांपर्यंत सगळं धरून. आपण डोळ्यांनी अक्षरं मोजतो, संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगवेगळं मोजतो. 'प्रतिज्ञापत्र' हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो: प्र, ति, ज्ञा, प, त्र. संगणकाच्या हिशेबात तो १३ आहे. असे चार-पाच शब्दांचे फोल्डर एकात एक ठेवले, वर्ष, गाव, वाडी, कुटुंबाचं नाव, कामाचं नाव, की मर्यादा बघता बघता भरते. लिनक्सवर प्रत्येक नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे एका नावात ८५ चिन्हंच बसतात.

गंमत वाटेल, पण चांगला फाइल मॅनेजर इथे अडचण वाढवतो. डबल कमांडर लांब पत्ते हाताळतो, त्यामुळे खोल खोल फोल्डरात फाइल बिनतक्रार जाऊन बसते. मग जुना फोटोंचा किंवा बिलांचा प्रोग्राम ती उघडत नाही आणि 'फाइल सापडली नाही' म्हणतो. फाइल तर समोर दिसतेय. अशा वेळी फाइल खराब झाली असं समजू नका. वरच्या दोन-तीन फोल्डरांची नावं आखूड करा, किंवा आतला फोल्डर उचलून थेट ड्राइव्हच्या मुळाशी आणा, लगेच उघडेल.

नावात तिरकी रेघ चालत नाही, ना विंडोजवर ना लिनक्सवर. म्हणून '७/१२' नावाची फाइल बनतच नाही. 'सातबारा' लिहा किंवा '७-१२'. आकड्यांनी सुरू होणाऱ्या नावांत ०१, ०२ असं लिहिलंत तर कुठल्याही फाइल मॅनेजरमध्ये १० हा २च्या आधी येऊन बसणार नाही. शेकड्याने नावं बदलायची असतील तर डबल कमांडरमध्ये कंट्रोल-एमने एकत्र बदलता येतात. मी आता प्रत्येक लग्नाचे फोटो कार्डावरून उतरवले की आधी गावाचं नाव पुढे लावतो: पालशेत_०००१, हेदवी_०००१.

ज्याचा दोष फाइल मॅनेजरवर येतो

"पेनड्राइव्हमध्ये जागा आहे, तरी लग्नाचा व्हिडिओ जात नाही," अशी तक्रार घेऊन दर मोसमात कोणीतरी येतंच. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, मग फाइल मॅनेजर कुठलाही आणा. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो, आणि त्याने आतलं सगळं पुसलं जातं. ज्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचाय तो एक्सफॅट वाचतो का, हे आधी ग्राहकाला विचारा. नसेल तर व्हिडिओचे तुकडे करून द्या.

फाइल मॅनेजर नेहमी 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालवायची सवयही लावू नका. तसा उघडला की साध्या खिडकीतून ओढून आणलेली फाइल त्यात पडत नाही, आणि माणूस माउस खराब झाला समजून नवा घेऊन येतो.

एक्सप्लोरर-प्लस-प्लसमध्ये मूळ एक्सप्लोररची जागा घ्यायचा पर्याय आहे. प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवत असताना तो लावलात आणि पेनड्राइव्ह काढलात, तर फोल्डरवर डबल क्लिक करूनही काही उघडणार नाही. पेनड्राइव्ह परत लावा, प्रोग्राम सुरू करा आणि तो पर्याय 'काही नाही'वर आणा. मोबाईल केबलने जोडला तर त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, त्यामुळे नव्या प्रोग्रामच्या ड्राइव्हच्या पट्टीत तो दिसला नाही तर केबल बदलत बसू नका. तेवढ्यापुरता एक्सप्लोरर उघडा.

लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय लावला की जागोजागी डेस्कटॉप-डॉट-आयएनआय दिसू लागते. लोक तिला व्हायरस समजतात. ती विंडोजचीच आहे, राहू द्या. पण हाच पर्याय कधी कधी माणसाचं वर्षाचं काम वाचवतो. बारावीचा एक मुलगा रडकुंडीला येऊन दारात उभा होता. पेनड्राइव्हमधल्या प्रोजेक्टच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते आणि त्याला कोणीतरी 'फॉरमॅट मार' असं सांगितलं होतं. शॉर्टकटवर क्लिक न करता डबल कमांडरच्या शो मेनूतून लपलेल्या आणि सिस्टिम फाइली दाखवायला लावल्या. त्याचे चारही फोल्डर तिथेच होते, त्यांच्यावर फक्त दोन खुणा चढवलेल्या. एक्सप्लोररच्या प्रॉपर्टीजमध्ये अशा वेळी 'हिडन'चा चौकोन करडा पडतो, काढता येत नाही. डबल कमांडरच्या फाइल्स मेनूतल्या गुणधर्म बदलण्याच्या खिडकीत 'हिडन' आणि 'सिस्टिम' दोन्ही काढले, फोल्डर डिस्कवर उतरवले, अँटिव्हायरसने तपासले, आणि मगच तो पेनड्राइव्ह कोरा करून, प्रोजेक्ट परत भरून त्याच्या हातात दिला.