शिखंडीच्या तोंडी क्रियापद घालताना

पुराणकथेवरून आजचे क्वीअर नाटक लिहू पाहणाऱ्या गोव्यातील लेखकाला मोहिनीचा मोह आधी होतो, कारण म्हार्दोळची महालसा ही तिचेच रूप मानली जाते. तरीही नवोदिताने महाभारताच्या उद्योगपर्वातील अंबोपाख्यानापासून, म्हणजे शिखंडीच्या कथेपासून, सुरुवात करावी, असे मी सुचवीन. द्रुपदाच्या घरी जन्मलेली मुलगी मुलगा म्हणून वाढते, दशार्णराज हिरण्यवर्म्याच्या कन्येशी तिचे लग्न होते, बिंग फुटल्यावर सासरा चढाईची धमकी देतो आणि मरण्यासाठी रानात गेलेल्या शिखंडिनीला स्थूणाकर्ण यक्ष आपले पुरुषत्व काही काळापुरते देतो.

पहिला प्रवेश लिहिण्यापूर्वी या यक्षाचे काय करायचे ते ठरवावे. त्याचे दान जसेच्या तसे ठेवले, तर दोन स्त्रियांचा संसार शक्यच नव्हता, असे तुमचे नाटक नकळत म्हणून बसते. यक्ष ठेवावा, परंतु दशार्णकन्येने त्याआधीच आपला निर्णय बोलून दाखवावा. तिने दाईंना आणि सख्यांना गुपित सांगितले एवढेच महाभारत नोंदवते. तिला स्वतःला काय हवे होते, ही जागा तुमच्यासाठी मोकळी आहे. सैन्याऐवजी फोंड्यातील एखाद्या घराच्या अंगणात येऊन बसलेले सोयरे पुरेत. जावयाची खात्री करण्यासाठी हिरण्यवर्मा स्त्रिया पाठवतो, तो प्रसंग मात्र गाळू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्याने त्या ओळखीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र मागितले. त्या तपासणीचा आजचा अवतार शोधायला दूर जावे लागत नाही.

खरी कसोटी भाषेची आहे. मराठीत 'आलो' किंवा 'आले' म्हणताच बोलणाऱ्याचे लिंग उघडे पडते. 'मी पाहिलं', 'मला वाटतं', 'मी येईन' यांत ते झाकलेले राहते. म्हणून पहिल्या अंकात शिखंडीचे सारे संवाद अशाच रचनांत लिहावेत आणि 'मी घाबरले' हे पहिले उघडे क्रियापद पत्नीसमोर, एकांतात येऊ द्यावे. कुबेराच्या शापाने स्थूणाकर्ण स्त्रीरूपातच अडकतो, तेव्हा त्याचे 'राहिलो'चे 'राहिले' होणे कोणत्याही स्वगताहून अधिक बोलते. आपल्याकडे आणखी एक सोय आहे. कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंगी 'तें' म्हणतात; घरातील आजीने सहज 'तें खंय गेलें?' असे विचारले की द्रुपदाचे गुपित प्रेक्षकांना तत्काळ उमगते.

पात्रयोजनेत साडी नेसलेला पुरुष टाळावा. जात्रेतील नाटके पाहत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला स्त्रीपार्टी ओळखीची असते आणि तिथे हशा किंवा कौतुक चटकन उसळते. या नाटकाला दोन्ही मारक आहेत. नटांपैकी कोण समलिंगी आहे, याची चौकशी तालमीत करू नये, कारण गावात अशी माहिती तालमीच्या खोलीत राहत नाही. नट सवयीने 'आलो' म्हणून मोकळा होतो, म्हणून प्रॉम्प्टरच्या प्रतीत शिखंडीच्या प्रत्येक क्रियापदाभोवती लाल वर्तुळ काढून ठेवावे.