पिल्लू तलंग की कोंबडा, हे कसं ओळखायचं

सहा आठवड्यांच्या पिल्लांत एखाद्याचा तुरा जरा लाल दिसला की बरेच जण त्याच दिवशी 'हा कोंबडा' असं ठरवून टाकतात. तीन-चार महिन्यांनी तोच 'कोंबडा' अंडं घालतो. तुरा लाल होता हे खरंच असतं, पण काही जातींत त्या वयाच्या तलंगेलाही तेवढाच तुरा येतो, हे ठाऊक नसतं. (तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण मादी.) म्हणून एका खुणेवर आणि एका दिवसावर विसंबू नका. एकाच जातीची आणि एकाच वयाची पिल्लं एकमेकांशी ताडून पाहा. दोन-तीन खुणा एकाच बाजूला बोट दाखवत असतील तरच अंदाज बांधा आणि पक्का निकाल पाठीच्या पिसांवर सोपवा.

आधी नोंद ठेवा

सारख्या रंगाची दहा पिल्लं असली तर मागच्या आठवड्यात कोणाचा तुरा मोठा होता ते आठवत नाही. प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाचं कडं घाला. कडं पायाभोवती सहज फिरलं पाहिजे, पण पंजावरून निसटता कामा नये. पाय फार लवकर जाड होतात, त्यामुळे दर आठवड्याला कडं तपासा आणि घट्ट होण्याआधीच बदला. विसरलेलं कडं मांसात रुततं आणि पिल्लू लंगडं होतं.

अंड्यातून पिल्लू निघाल्याची तारीख लिहून ठेवा. चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला प्रत्येकाचे दोन फोटो काढा: एक डोक्याचा बाजूने, दुसरा पाठ आणि शेपूट दिसेल असा. अंतर दर वेळी तेवढंच ठेवा. रंग पाहायचा तर सकाळी, दिवसाच्या उजेडात आणि पिल्लू शांत असताना पाहा. पळून-पळून पकडलेल्या किंवा उन्हाने तापलेल्या पिल्लाचा तुरा नेहमीपेक्षा लाल दिसतो, आणि आजारी पिल्लाचा फिका.

पहिले दोन दिवस

कोंबड्यांमध्ये नर की मादी हे आईकडून ठरतं. नरात झेड हे लिंगगुणसूत्र दोन असतात, मादीत एक झेड आणि एक डब्ल्यू. आई आपलं झेड फक्त मुलांना देते, मुलींना तिच्याकडून डब्ल्यू मिळतं. अंडं बाहेर येण्याआधीच हा निर्णय झालेला असतो. त्यामुळे टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते, अंड्यावर दोऱ्याला बांधलेली सुई गोल फिरली तर मादी, पिल्लाला मानेला धरून लटकवल्यावर पाय आखडले तर मादी, या समजुतींना आधार नाही. उबवण्याचं तापमान बदलूनही नर-मादीचं प्रमाण बदलत नाही. साधारण निम्मी पिल्लं नर निघणार, हे धरूनच चला.

आईचं झेड फक्त मुलांकडे जातं, याच नियमावर पहिल्या दिवसाच्या दोन विश्वासार्ह पद्धती उभ्या आहेत. दोन्ही ठरावीक संकरातच चालतात.

पहिली रंगाची. र्‍होड आयलंड रेडसारखा तांबडा नर आणि लाइट ससेक्ससारखी चंदेरी वाणाची मादी यांच्या पिल्लांत नर फिके पिवळे आणि माद्या तांबूस निघतात. तोच तांबडा नर आडव्या पट्ट्यांच्या बार्ड प्लिमथ रॉक मादीला लावला तर सगळी पिल्लं काळी दिसतात, पण नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, माद्यांच्या नसतो. नर-मादी अदलाबदल केली, म्हणजे पट्ट्यांचा नर आणि तांबडी मादी घेतली, तर हा फरक मिळत नाही. या संकरित पिल्लांची पुढे आपापसात पैदास केली तरी ही खूण टिकत नाही. 'यांच्या आईबापांची पिल्लं रंगावरून कळली होती, मग यांचीही कळतील' हा गैरसमज फार जणांना फसवतो.

शुद्ध बार्ड प्लिमथ रॉकमध्येही थोडी मदत होते. नराच्या डोक्यावरचा ठिपका मोठा आणि पसरट असतो, मादीचा लहान आणि रेखीव, शिवाय तिचे पाय जास्त काळपट असतात. मोठेपणी नर एकंदर फिका दिसतो, कारण पट्ट्यांचा गुण त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी आलेला असतो.

दुसरी पद्धत पंखांची. पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्लाचा पंख अलगद पसरला की कडेला पिसांच्या दोन ओळी दिसतात: खालची मुख्य पिसांची आणि तिच्यावर झाकणासारखी दुसरी. बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची असेल, तर मादी पिल्लांची खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा ठळकपणे लांब असते. नरांत दोन्ही ओळी सारख्या असतात किंवा खालची आखूड. दोन-तीन दिवसांत हा फरक पुसट होतो. आईबाप कोणत्या वाणाचे आहेत हे माहीत नसेल तर ही पद्धत वापरू नका. साध्या पिल्लांत पंखांची लांबी फक्त ते पिल्लू किती तासांपूर्वी बाहेर आलं एवढंच सांगते.

तिसरी पद्धत गुदद्वार उलगडून आतला टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा पाहण्याची. जपानमध्ये 1920 च्या दशकात ती विकसित झाली आणि तिथून जगभरच्या हॅचरींमध्ये पोहोचली. ही पद्धत घरी करू नका. काही माद्यांतही तसा छोटा उंचवटा असतो, काही नरांत तो जेमतेम दिसतो, आणि तो ओळखायला हजारो पिल्लं हाताखालून जावी लागतात. पोट जास्त दाबलं गेलं तर आतली बलकाची पिशवी किंवा आतडं दुखावतं आणि पिल्लू मरतं.

तीन ते पाच आठवडे

या वयात फक्त संशय नोंदवा. भारी, म्हणजे अंगाने जड, जातींत तलंगांना पाठीवर आणि खांद्यांवर पिसं लवकर आणि सारखी भरतात. नरांच्या खांद्यांवर किंवा पाठीवर काही दिवस उघडी जागा राहते, शेपूट आखूड आणि बोथट असतं. तलंगेचं शेपूट त्याच वेळी नीट दिसायला लागलेलं असतं. नराचे पाय बहुधा जाड आणि पंजे मोठे. पण वेगळ्या जातीच्या पिल्लाशी तुलना केली तर यातलं काहीच उपयोगी नाही: हलक्या जातीचा नर भारी जातीच्या तलंगेपुढे बारीकच दिसणार.

तुरा: उपयोगी, पण अर्धाच

एकेरी, करवतीसारख्या तुऱ्याच्या जातींत पाच-सहा आठवड्यांनी फरक दिसू लागतो, लेगहॉर्नसारख्या हलक्या जातींत त्याआधीही. नराचा तुरा उंच, जाड आणि गुलाबी-लाल, तलंगेचा बुटका आणि पिवळट. चोचीखाली लोंबणारे दोन मांसल लोलकही पाहा, कारण तुऱ्याबरोबर तेही लवकर वाढले आणि लाल झाले तर संशय बळावतो. आठ आठवड्यांच्या भारी जातीच्या पिल्लाचा तुरा आणि लोलक दोन्ही ठसठशीत लाल असतील तर तो जवळजवळ नक्की नर.

उलट बाजू मात्र तितकी पक्की नाही. तुरा फिका म्हणून मादी, असं म्हणता येत नाही, कारण काही नर उशिरा रंग धरतात आणि घोळक्यात दबून राहणाऱ्या नराचा तुराही मागे राहतो. लेगहॉर्न तलंगेचा तुरा मोठा असतो आणि अंड्यावर येण्याच्या सुमारास लालभडक होऊन एका बाजूला कलतो. वाटाण्यासारख्या किंवा गुलाबासारख्या बसक्या तुऱ्याच्या जातींत उंची पाहण्यात अर्थ नाही. वाटाणा तुऱ्यात तीन बुटक्या ओळी असतात. त्यातली मधली ओळ रुंद होऊन लवकर लाल झाली तर नराचा संशय घ्या.

तुरा फसवतो याचं कारण असं की तो नर संप्रेरकाने (हार्मोनने) वाढतो, आणि ते संप्रेरक थोड्या प्रमाणात तलंगेच्या अंडाशयातही तयार होतं. अंड्यावर येताना तिचा तुरा लाल होतो तो त्यामुळेच. पिसांच्या आकाराचं गणित वेगळं आहे. कोंबड्यांत नरासारखी टोकदार, चकचकीत पिसं हा मूळ नमुना आहे आणि मादी संप्रेरक असेल तरच पिसं रुंद आणि गोल होतात. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा आक्रसतो, पण पिसं कोंबड्याचीच राहतात. अंडाशय निकामी झालेल्या म्हाताऱ्या कोंबडीला कोंबड्यासारखी पिसं फुटतात, तेही याच कारणाने. म्हणून तुऱ्यापेक्षा पिसांवर जास्त विश्वास ठेवावा.

पाठीची पिसं: इथे निकाल लागतो

बहुतेक जातींत 12 ते 16 आठवड्यांत निकाल लागतो. लवकर वाढणाऱ्या जातींत 10 आठवड्यांनाही सुरुवात होते, भारी जातींत 18 पर्यंत थांबावं लागतं.

अंधार पडल्यावर पक्षी दांडीवर बसले की अलगद उचला, त्या वेळी ते शांत असतात. पंख अंगाशी दाबून बगलेत धरा, डोकं तुमच्या मागे आणि शेपूट समोर. बॅटरीच्या उजेडात पाठीचा शेवटचा भाग पाहा, शेपूट सुरू होण्याच्या जरा आधी, जिथून पिसं दोन्ही बाजूंना मांडीकडे उतरतात. बोटाने पिसं उलट दिशेने उचला आणि एकेक पीस टोकाशी निरखा.

नराचं पीस अरुंद, लांब, टोकाला निमुळतं असतं. त्याला चमक असते आणि कडा झालरीसारखी सुटी. तलंगेचं पीस रुंद, टोकाला गोल, कडा सलग, आणि रंगाने आजूबाजूच्या पाठीसारखंच. मानेवरही असाच फरक असतो, पण मान फसवते: बऱ्याच जातींत तलंगेच्या मानेची पिसंही काहीशी टोकदार आणि चमकदार असतात. निर्णय पाठीवरूनच घ्या.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे जुनं पीस पाहणं. पिल्लपणीची पिसं मुळातच अरुंद आणि जराशी टोकदार असतात, मादीचीसुद्धा. ती गळून मोठेपणीची पिसं येत असतात, त्यामुळे काही आठवडे दोन्ही मिसळलेली दिसतात. जुनं पीस फिकं, झिजलेलं, निस्तेज असतं. नवं गडद आणि ताजं असतं, आणि त्याच्या बुडाशी बऱ्याचदा अजून आवरण दिसतं. फक्त नव्या पिसांवर निकाल द्या. नवं पीस उपटून पाहू नका, त्यात रक्त भरलेलं असतं. ते तुटलं तर रक्त येतं आणि बाकीची पिल्लं त्या जागी टोचायला लागतात.

पाठीवर एकदा दोन-चार निमुळती, चमकदार पिसं नक्की दिसली की तो नर, मग तुरा कितीही छोटा असो. शेपटातली कोयत्यासारखी वाकलेली लांब पिसं नंतर येतात. ती दिसेपर्यंत कोणाला शंका उरत नाही.

रंगीत नक्षीच्या जातींत त्याआधीही एक खूण मिळू शकते: पिल्लाच्या खांद्यांवर पंखाच्या वरच्या भागात तांबडे ठिगळासारखे डाग फुटू लागले आणि बाकी अंगाचा रंग विस्कळीत दिसला, तर बहुधा नर. तलंगेची नक्षी सारखी आणि नीटनेटकी भरते.

आरवणं, भांडणं, पायाचे काटे

काही नर दोन महिन्यांचे असतानाच घशात अडकल्यासारखा आवाज काढतात. बहुतेक चार-पाच महिन्यांत नीट आरवतात. घोळक्यात वरचढ नर असेल तर दुसरे नर गप्प राहतात, म्हणून न आरवणारा पक्षी मादी असं समजू नका. छाती काढून समोरासमोर उभं राहणं आणि मानेची पिसं फुलवणं तलंगाही करतात, कारण घोळक्यातली पायरी त्यांनाही ठरवायची असते. पायाच्या मागचे काटे पिल्लांत दोघांनाही फक्त बारीक उंचवट्यासारखे असतात, आणि म्हाताऱ्या माद्यांनाही लांब काटे आलेले दिसतात. या वयात ही खूण सोडूनच द्या.

जिथे नेहमीच्या खुणा चालत नाहीत

सिल्की या जातीची पिसं मुळातच सुटी आणि लोकरीसारखी असतात, त्यामुळे पाठीच्या पिसांचं टोक दिसतच नाही. तिथे डोक्यावरच्या झुपक्यातून मागे निघणारे लांब तंतू, आरवणं किंवा पहिलं अंडं यांची वाट पाहावी लागते, आणि त्याला पाच-सहा महिने लागू शकतात. कडकनाथसारख्या काळ्या कातडीच्या जातीत तुऱ्याच्या लालीचा उपयोग नाही, तुऱ्याचा आकार आणि पाठीची पिसं पाहा. उघड्या मानेच्या जातीत मानेवर पाहण्यासारखं काही नसतं, पाठ मात्र नेहमीसारखी वाचता येते. सेब्राइट या छोट्या जातीत नरालाही कोंबडीसारखीच गोल पिसं येतात, कारण त्याच्या कातडीत नर संप्रेरकाचं मादी संप्रेरकात रूपांतर होतं. तिथे तुऱ्याचं माप आणि आरवणं हेच उरतं.

इतका वेळ थांबायचं नसेल तर पिसाच्या किंवा रक्ताच्या नमुन्यावरून डीएनए चाचणी करता येते. एखाद-दुसऱ्या महत्त्वाच्या पक्ष्यासाठी ती ठीक आहे.

निकाल लागल्यावर

साधारण आठ ते दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. जास्त नर ठेवले तर कोंबड्यांच्या पाठीची पिसं झडतात, कातडी सोलवटते. तरुण नर साधारण चार महिन्यांपासून तलंगांच्या मागे लागतात, म्हणून जास्तीचे नर त्याआधी वेगळे करा. मात्र ज्यांच्या पाठीची पिसं अजून नक्की वाचता आलेली नाहीत, अशांना तलंगांच्याच गटात राहू द्या.

18 ते 22 आठवड्यांच्या सुमारास पाठीवर हात ठेवल्यावर एखादा पक्षी पंख जरा पसरून खाली बसू लागला, तर ती तलंग आहे आणि अंडं जवळ आलं आहे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांमधलं अंतरही चाचपून पाहा. अंड्यावर येण्याआधी तिथे जेमतेम एक बोट मावतं, अंडी सुरू झाली की दोन ते तीन.