ब्राउनीचे सांधे आणि आमची गुळगुळीत फरशी

आमची लॅब्राडोर ब्राउनी नऊ वर्षांची झाली आणि दाराची बेल वाजली तरी उठेनाशी झाली. "वय झालं, आळसावलीय," असं आम्ही आल्यागेल्याला चार महिने सांगत राहिलो. तिचे सांधे दुखत होते. ते चार महिने मला अजून टोचतात, म्हणून हे लिहितेय.

सांधे दुखतात म्हणून कुत्रं सहसा केकाटत नाही. उठताना ते मागचा भाग ओढून घेतं, झोपेतून उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं ताठ टाकतं, एकच सांधा चाटत बसतं, जिन्यापाशी थबकतं. असं दिसलं की मोबाइलवर चालण्याचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं दुखणं लपवून बरं चालून दाखवतं, तेव्हा डॉक्टरांना तो व्हिडिओच उपयोगी पडतो.

घरी आल्यावर पहिलं काम फरशीचं. व्हिट्रिफाइड टाइल्सवर मागचे पाय फाकतात, आणि सावरताना दुखऱ्या सांध्याला हिसका बसतो. मी आधी नुसत्या सतरंज्या टाकल्या, त्या तिच्यासकट घसरल्या. मग खाली रबरी जाळी घातली, उरलेल्या ठिकाणी जुन्या योगा मॅटचे तुकडे. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सलग वाट हवी. मध्ये दोन हात फरशी उघडी राहिली तरी ब्राउनी तिथेच अडून माझ्याकडे बघायची. तळव्यांमधले केस कापा. चालताना नखं टकटक वाजत असतील तर तीही वाढलेली आहेत.

मग वजन. ब्राउनी 36 किलोंची होती, आठ महिन्यांत 30 वर आणली. छातीवरून तळहात फिरवला की बरगड्या सहज हाताला लागायला हव्यात. अमेरिकेत लॅब्राडोरच्या 48 पिल्लांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. भावंडांच्या जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला द्यायचे. कमी खाणारी कुत्री साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. हे वाचल्यापासून जेवताना ताटातला पोळीचा तुकडा तिला द्यायचा नाही, असं घरात ठरलं. सासूबाईंना ते फार जड गेलं. आता त्या काकडीच्या फोडी देतात.

गोळ्यांबद्दल मात्र हात जोडून सांगते: आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी देऊ नका. मी आयब्युप्रोफेनची अर्धी गोळी दिली होती. रात्रभर उलट्या, सकाळी डांबरासारखी काळी शी, आणि तीन दिवस सलाईन. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी औषधं डॉक्टर वजन पाहून ठरवतात, आणि ती दीर्घकाळ द्यायची तर यकृत-मूत्रपिंडासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं. दोन वेदनाशामकं एकत्र नकोत, त्यांच्या जोडीला स्टेरॉइडही नको. उलटी झाली, जेवण सुटलं किंवा शी काळी झाली तर पुढची गोळी न देता आधी फोन करा.

फिरणं बंद करू नका, मांड्या वाळतात आणि सांध्यावर आणखी भार येतो. पूर्वी आम्ही संध्याकाळी तासभर फिरायचो. आता पंधरा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. रविवारी हौसेने लांब नेलं की सोमवारी ती उठत नाही.

आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. राजापुरी पंचाची लांब घडी करून मागच्या पायांच्या पुढे, पोटाखालून घ्यायची आणि दोन्ही टोकं वर धरायची. उचलायचं नाही, नुसता आधार द्यायचा. उतरताना जास्त सावकाश, कारण तेव्हा सगळा भार पुढच्या पायांवर येतो.

पावसाळ्यात आणि थंडीत अंथरूण जमिनीला टेकू देऊ नका. आमच्याकडे खाली फळी, वर जुनी कापसाची गादी, त्यावर गोधडी आहे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, मग दहा मिनिटं शेका. सांधा सुजून गरम लागत असेल तर शेक नको.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी रोज सकाळी एक खूण करते. ती सहज उठली तर बरोबरची, कष्टाने उठली तर फुली. लागोपाठ तीन फुल्या झाल्या की चौथ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन.